मुलांना साक्षीदार तपासायला शिकवा

वाचन : यहोशवा ४:१–७, नीतिसूत्रे १८:१७, लूक १:१–४

पाठाचा हेतू : घरी शिकणाऱ्या मुलांना व संडेस्कूलच्या वरच्या वर्गाला इंटरनेटवरील विनामूल्य साधनांच्या आधारे इतिहास कसा शिकवावा, आणि त्या साधनांची पारख कशी करावी, हे समजून घेणे.

इस्राएल लोक यार्देन ओलांडून गेल्यावर परमेश्वराने यहोशवाला नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणावयास सांगितले. ते कशासाठी? तर पुढे मुले विचारतील की या धोंड्यांचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगता यावे म्हणून. या आज्ञेत तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. मूल विचारणार, हे देवाने गृहीत धरले आहे. धोंडा आपण होऊन बोलत नाही. आणि उत्तर देण्याची जबाबदारी घरातल्या वडील माणसांवर आहे, ती याजकांवर टाकून मोकळे होता येत नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी मंडळ्यांना हा भाग विशेष लागू पडतो. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपली मुले शाळेत कन्नड, हिंदी, गुजराती, तेलुगू किंवा इंग्रजी पुस्तके वाचतात. घरात मराठी, उपासनेत मराठी. पण आपले पूर्वज कोण होते, त्यांनी ख्रिस्ताला कसे ओळखले, त्यांच्या काळी देशात काय चालले होते, याचा सलग इतिहास यांपैकी कोणत्याही क्रमिक पुस्तकात त्यांना मिळत नाही. शिवाय काही कुटुंबे आता मुलांना घरीच शिकवितात. कोणाची सारखी बदली होते, कोणाचे मूल आजारी असते, कोणी २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा घरी शिकवू लागले व पुढे तसेच चालू ठेवले. अशा मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीची परीक्षा देता येते. तिचे वयाचे व विषयांचे नियम मात्र आधीच पाहून ठेवावेत. गणिताला व भाषेला पुस्तक मिळते. इतिहासाच्या वेळी आई-वडील अडतात आणि मग मोबाईल उघडतात.

मोबाईल उघडणे वाईट नव्हे. पूर्वी मोठ्या शहरातील ग्रंथालयातही जे मिळत नसे, ते आज पैसा न खर्चिता घरात येते. परंतु फुकट मिळाले म्हणजे खरे मिळाले असे नाही. म्हणून या पाठात आपण आधी साधने पाहू, मग त्यांची पारख, आणि शेवटी एक उदाहरण घेऊन सहा बैठकींचा क्रम.

साधने कोठे आहेत?

पहिले, मराठी विश्वकोश. महाराष्ट्र शासनाच्या मंडळाने तयार केलेला हा ग्रंथ संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. कोणत्याही व्यक्तीचा वा स्थळाचा अभ्यास येथून सुरू करावा, कारण नोंद थोडक्यात असते व सन दिलेले असतात.

दुसरे, इंटरनेट आर्काइव्ह. १९९६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संग्रहात जुन्या पुस्तकांची पानेच्या पाने छायाचित्रांच्या रूपात ठेवली आहेत. मिशनांचे जुने अहवाल येथे सापडतात, तसेच मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे खंडही. बेळगाव जिल्ह्याचा खंड १८८४ सालचा आहे. पुस्तक शोधताना लेखकाचे नाव इंग्रजी लिपीत निरनिराळ्या प्रकारे लिहून पाहावे, कारण जुन्या काळी स्पेलिंग एकसारखे नव्हते.

तिसरे, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. हे मंडळ आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेवते. बालभारती व एन.सी.ई.आर.टी. यांची क्रमिक पुस्तकेही अशीच उतरवून घेता येतात.

चौथे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. जुन्या मराठीतला शब्द अडला की मुलानेच तो तेथे शोधावा. आपल्या आजोबांच्या भाषेची ओळख मुलांना याहून सोप्या रीतीने होणार नाही.

येथे आठव्या आज्ञेची आठवण ठेवू या. वाचावयास फुकट असणे आणि हक्कमुक्त असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या पुस्तकावर हक्क राहतो. त्यानंतर ते पुस्तक कोणीही छापावे, वाटावे. मुदत संपली नसेल तर पुस्तक वाचावे, पण मंडळीत प्रती काढून वाटू नयेत.

साक्षीदाराला विचारण्याचे चार प्रश्न

लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभी काय सांगतो ते पाहा. पुष्कळांनी वृत्तांत लिहिले होते, हे त्याला ठाऊक होते. ज्यांनी आरंभापासून प्रत्यक्ष पाहिले त्यांच्याकडून गोष्टी आल्या होत्या. तरीही त्याने सर्व मुळापासून नीट शोध करून अनुक्रमाने लिहिले, आणि ते कशासाठी, तर थियफिलाला मिळालेल्या शिक्षणाची त्याची खात्री पटावी म्हणून. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिणाऱ्या मनुष्यालाही शोध करण्याचा कंटाळा आला नाही. मग आपण आलेला प्रत्येक संदेश जसाच्या तसा पुढे कसा पाठवितो?

मुलांना चार प्रश्न पाठ करावयास लावा :

१. हे कोणी लिहिले?
२. केव्हा लिहिले? घटना घडताना, की शंभर वर्षांनी?
३. कोणासाठी लिहिले?
४. दुसरा साक्षीदार काय म्हणतो?

ज्या मजकुराला पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही, तो निनावी साक्षीदार समजावा. मोबाईलवर फिरणारे बहुतेक संदेश या जातीचे असतात. आजकाल यंत्रही प्रश्नांची उत्तरे लिहून देते. ते सफाईने लिहिते, पण नाव-गाव-सन चुकीचेही देते. त्याने सांगितलेली गोष्ट कोणत्या पुस्तकात आहे हे शोधून, ते पुस्तक उघडून पाहिल्याशिवाय ती वहीत उतरवू नये.

तिसरा प्रश्न आपल्या लोकांनी विशेष लक्षात ठेवावा. मिशनांचे जुने अहवाल बहुधा अमेरिकेतील वा इंग्लंडमधील मंडळ्यांसाठी लिहिले जात, कारण पैसा तेथून येत असे. त्यांतील तारखा, शाळांची संख्या, गावांची नावे मोलाची आहेत. पण लिहिणाराला काम चांगले चालले आहे हे दाखवावयाचे असते, हे विसरू नये. अहवाल खोटा असतो असे मी म्हणत नाही. तो एका बाजूने पाहिलेला असतो, इतकेच. दोघा-तिघांच्या साक्षीवाचून गोष्ट शाबीत होत नाही, हा नियम (अनुवाद १९:१५) जसा न्यायालयात, तसा इतिहासातही.

एक उदाहरण : पंडिता रमाबाई

सहा आठवडे, आठवड्यातून एक बैठक, प्रत्येक बैठक पाऊण तासाची. वय दहा ते पंधरा. एक वही, एक भारताचा नकाशा, एक मोबाईल किंवा संगणक. इंटरनेट नेहमी मिळत नसेल तर लागणारी पाने आधीच उतरवून घ्यावीत.

बैठक पहिली : नकाशा. रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. तो भाग आज कर्नाटकात आहे. तेथे खूण करा. मग कोलकाता, जेथे १८७८ साली विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ ही पदवी दिली. मग पुणे, मुंबई आणि केडगाव. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली व विधवा आणल्या. त्या प्रांताचा मोठा भाग आज मध्य प्रदेशात आहे. १८९९–१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या. बडोद्याकडील जुनी माणसे त्या दुष्काळाला ‘छप्पनियो’ म्हणत, कारण तो विक्रम संवत १९५६ चा. त्यांची कन्या मनोरमाबाई यांनी १९१२–१३ च्या सुमारास गुलबर्ग्यास शाळा काढली. ते शहर तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आज त्याचे नाव कलबुर्गी. आता मुलाला आपले गाव नकाशावर दाखवावयास सांगा. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाला तेव्हाच दिसते की ही कथा केवळ पुण्याची नाही.

बैठक दुसरी : कालपट. विश्वकोशातील नोंद वाचून मुलाने वहीत सन मांडावेत. १८८० साली विवाह, १८८२ साली पतीचा मृत्यू व हंटर आयोगापुढे साक्ष, १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत शारदा सदन, १९२२ साली मृत्यू. विवाह व वैधव्य यांत किती थोडे अंतर आहे ते मुलाला स्वतः मोजू द्या. सन पाठ करण्यापेक्षा अंतर मोजण्याने अधिक कळते.

बैठक तिसरी : त्यांचा स्वतःचा आवाज. १८८७ साली रमाबाईंनी अमेरिकेत ‘हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ते संपूर्ण वाचावयास मिळते. एक-दोन पाने आईने वा वडिलांनी मराठीत समजावून सांगावीत. मग तिसरा प्रश्न विचारावा : हे कोणासाठी लिहिले? अमेरिकन वाचकांसाठी, विधवांच्या शाळेला मदत मिळावी म्हणून. मराठी वाचकाला जे सांगण्याची गरज नाही, असे त्यात काय काय समजावून सांगितले आहे? दोन वर्षांनी, १८८९ साली, त्यांनीच मराठीत अमेरिकेचे वर्णन लिहिले. ते मराठी वाचकांसाठी. एकच बाई दोन समाजांना एकमेकांविषयी सांगते आहे. वाचक बदलला की सांगण्याची रीत बदलते, हे मुलाला येथे उमगते.

बैठक चौथी : १८९३ चा वाद. ही बैठक सर्वांत महत्त्वाची, आणि शिक्षकांना सर्वांत अवघड. शारदा सदनाची स्थापना करताना तेथे कोणावर धर्म लादणार नाही असे ठरले होते. न्यायमूर्ती रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर यांच्यासारखे सुधारक तिच्या सल्लागार मंडळात होते. पुढे रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली बसतात अशी ओरड झाली. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने कडक टीका केली. रमाबाईंचे म्हणणे असे की मी कोणावर सक्ती केली नाही, माझ्या प्रार्थनेच्या वेळी दार उघडे असते व मुली आपखुशीने येतात. १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

मुलांचे दोन गट करा; एकच मूल असेल तर त्याला आळीपाळीने दोन खुर्च्यांवर बसवा. एका बाजूने पालकांचे म्हणणे मांडावे, दुसऱ्या बाजूने रमाबाईंचे. पालकांनी मुली ज्या वचनावर विश्वासून पाठविल्या त्या वचनाची कक्षा काय? उघडे दार ही मोकळीक, की ओढ? मग विचारावे : रानडे व भांडारकर हे स्त्रीशिक्षणाचे शत्रू नव्हते, मित्र होते, तर त्यांच्या साक्षीचे वजन किती? आणि शेवटी : त्या मुलींना कोणी विचारले काय? या खटल्यात ज्यांचे सर्वांत अधिक पणाला लागले होते त्यांचाच आवाज आपल्याला सर्वांत कमी ऐकू येतो, हे मुलाच्या मनावर ठसू द्या. निकाल शिक्षकाने देऊ नये.

बैठक पाचवी : दुष्काळ. दुष्काळ केवळ पाऊस न पडल्याने होत नाही. धान्याचे भाव, मजुरी, सारा, रेल्वे, सरकारी मदतकामे या सर्वांचा त्यात हात असतो. १८९८ च्या दुष्काळ आयोगाचा अहवाल जुन्या पुस्तकांच्या संग्रहात सापडतो. मोठ्या मुलाला त्यातील आपल्या प्रांताचा भाग दाखवावा. १९०० च्या सुमारास केडगावच्या मुक्ती सदनात दीड हजारांहून अधिक मुली व स्त्रिया होत्या. एवढ्या जणींना रोज धान्य किती लागेल, पाणी किती, विहिरी किती, याचा हिशेब मुलाला करावयास लावा. दया ही भावना आहे, तशी व्यवस्थाही आहे, हे त्या आकड्यांवरून कळते. एक सूचना : दुष्काळाची छायाचित्रे फार भीषण आहेत. ती आधी आपण पाहावीत. लहान मुलांना दाखवू नयेत.

बैठक सहावी : आपली मंडळी. आता मोबाईल बाजूला ठेवा. पाळकसाहेबांच्या परवानगीने मंडळीची बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही पाहा. देवालयाची कोनशिला वाचा, कबरस्तानातील सर्वांत जुनी कबर शोधा. मग एखाद्या आजीबाईंकडे जाऊन विचारा की आमचे कुटुंब या गावी कोठून आले. आजीने सांगितलेला सन आणि वहीतला सन जुळतो काय ते पाहा. जुळला नाही तर आजी खोटे बोलली असे नव्हे. आठवण व कागद यांचे काम निरनिराळे. मुलाने एक पान लिहावे व त्याखाली हे कोणाकडून कळले ते लिहावे. आजीविषयी लिहिलेले तिच्या परवानगीवाचून इंटरनेटवर टाकू नये.

आपल्याच बाजूची उलटतपासणी कशासाठी?

चौथी बैठक वाचून काही वाचक म्हणतील, आपल्याच माणसांवरची टीका आपण मुलांपुढे का ठेवावी? बाहेर टीका करणारे थोडे आहेत काय?

याचे उत्तर पवित्र शास्त्रच देते. दावीद हा देवाच्या मनासारखा राजा, तरी त्याचे पातक शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाने झाकले नाही. पेत्राने प्रभूला नाकारले, हे चारही शुभवर्तमाने सांगतात. पौल व बर्णबा यांच्यात तीव्र मतभेद होऊन ते वेगळे झाले, हे प्रेषितांच्या कृत्यांत (१५:३९) लिहिले आहे. देवाला आपल्या लोकांची खरी कथा सांगण्याची लाज वाटली नाही. नीतिसूत्रकर्ता सांगतो की वादात पहिल्याने बोलणारा खरा वाटतो, पण दुसरा येऊन त्याची तपासणी करतो. हा नियम परक्यांसाठी एक व आपल्यासाठी एक असा नाही. बिरुयातील लोकांनी तर पौलाचे सांगणेही शास्त्रात तपासून पाहिले, आणि त्यासाठी त्यांची स्तुती झाली (कृत्ये १७:११).

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. १८९३ ची गोष्ट आपण सांगितली नाही तरी मूल सोळाव्या वर्षी ती कोठेतरी वाचणारच, आणि ती बहुधा निनावी संदेशात, विकृत रूपात वाचणार. त्या दिवशी त्याला वाटेल की आई-वडिलांनी व संडेस्कूलने आपल्यापासून लपविले. मग ते फक्त रमाबाईंवरचा विश्वास गमावणार नाही. आपण सांगितलेल्या इतर गोष्टींवरचाही गमावील. मुलाच्या विश्वासाला धोका कठीण प्रश्नापासून कमी आहे, घरात ऐकलेल्या अर्धसत्यापासून अधिक आहे.

आणि जे मूल तपासणे शिकले, त्याला उत्तर देणेही साधते. रमाबाई परदेशी लोकांच्या हातातले बाहुले होत्या असे कोणी म्हटले, तर ते रागावणार नाही. ते म्हणेल, पत्रे पाहू या. इंग्लंडातील आपल्या धर्मगुरूंशी व भगिनींशी रमाबाईंनी केलेला पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ज्यांनी त्यांना बाप्तिस्म्याकडे नेले त्यांच्याशीच त्या सद्‌सद्विवेकाच्या स्वातंत्र्यासाठी किती ठामपणे वाद घालतात, हे त्यात उघड दिसते. जो कागद टीका दाखवितो, तोच निर्दोषपणाही दाखवितो. म्हणून सर्व कागद पाहावेत.

शिक्षकांसाठी शेवटच्या सूचना

एका बैठकीत एकच साधन घ्या. दहा उघडली तर मूल एकही वाचत नाही. चलच्चित्र दाखविले तर ते थांबवून चार प्रश्न विचारा. “ठाऊक नाही, शोधू या” असे म्हणावयास शिक्षकाने लाजू नये. आणि संडेस्कूलला वर्षभर हा क्रम जमणार नसेल, तर पहिली, चौथी व सहावी एवढ्या तीन बैठकी तरी घ्याव्यात.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या स्थापनेविषयी आपण जे सांगतो, त्याला लेखी आधार कोणता आहे?
२. गेल्या आठवड्यात आपण पुढे पाठविलेल्या एखाद्या संदेशाला वरील चार प्रश्न लावून पाहा.
३. आपल्या मंडळीच्या इतिहासातील कोणती गोष्ट आपण मुलांना सांगण्याचे टाळतो? का टाळतो?
४. मंडळीतील ऐंशीच्या पुढची माणसे किती आहेत? त्यांच्या आठवणी कोण, केव्हा लिहून घेणार?

शेवटच्या प्रश्नाला उशीर चालणार नाही. पुस्तके संग्रहात राहतील, आजी राहणार नाही. यार्देनेतून धोंडे उचलावयास बारा माणसे नेमली होती, प्रत्येक वंशातून एक. आपल्या मंडळीतून निदान एक माणूस, एक वही व एक मूल एवढे तरी या महिन्यात नेमावे. सत्याचा आत्मा या कामी आपणां सर्वांस मार्ग दाखवो.